वॉटरफॉल मॉडेल ज्यांच्या नावावर आहे, त्या विन्स्टन रॉयस यांनीच सांगितलं होतं की असं काम करू नका

कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, बीसीएस किंवा एमसीए केलेल्या कुणालाही विचारा, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पेपरात हमखास येणारा प्रश्न कोणता? वॉटरफॉल मॉडेल आकृतीसह स्पष्ट करा. पायरी-पायरीने खाली उतरणारे चौकोन काढायचे, बाण जोडायचे, खाली फायदे-तोटे लिहायचे, मार्क पक्के. उत्तराच्या पहिल्याच ओळीत बऱ्याचदा हेही लिहिलेलं असतं की हे मॉडेल १९७० मध्ये विन्स्टन रॉयस यांनी मांडलं.

वर्ष बरोबर आहे. नावही बरोबर आहे. पण ती आकृती काढल्यावर रॉयस यांनी खाली जे लिहिलं होतं, ते बहुतेकांच्या वहीपर्यंत पोहोचलंच नाही. मोठं सॉफ्टवेअर नुसतं असंच एका दिशेने बनवत गेलात तर ते धोक्याचं आहे आणि काम फसण्याची शक्यता मोठी आहे, असा इशारा त्यांनी तिथेच दिला होता.

पुढे झालं भलतंच. इशारा बाजूला राहिला आणि आकृती जगभर गेली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या नियमांतही तिचीच छाप दिसली आणि कॉलेजच्या पुस्तकांतही. आज आयटीमध्ये वॉटरफॉल हा शब्द जवळपास शिवीसारखा वापरला जातो आणि त्याचं खापर फुटतं ते रॉयस यांच्यावर.

तर हे रॉयस नेमके होते कोण? आणि त्यांचं खरं म्हणणं काय होतं?

विमानांचा अभ्यास करणारा माणूस सॉफ्टवेअरमध्ये कसा आला?

विन्स्टन वॉकर रॉयस यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२९ चा. शिक्षण झालं कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये, म्हणजे कॅलटेकमध्ये. आधी फिजिक्सची पदवी, मग एरोनॉटिकल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स आणि १९५९ मध्ये त्याच विषयात पीएचडी. त्यानंतर काही काळ ते कॅलटेकमध्येच शिकवत होते.

आता कुणी म्हणेल, यात कॉम्प्युटर कुठे आला? तर तेव्हा कॉम्प्युटर सायन्स ही वेगळी शाखा जवळपास नव्हतीच. ज्यांना आकडेमोड लागायची तेच प्रोग्रॅम लिहायचे. आणि त्या काळात सगळ्यात जास्त आकडेमोड लागत होती अंतराळात जाण्यासाठी. १९५७ मध्ये सोव्हिएत युनियनने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला जाग आली. नासा १९५८ मध्ये उभी राहिली. उपग्रहांच्या कक्षा, रॉकेटचे मार्ग, पृथ्वीवरून यानाला द्यायच्या आज्ञा हे सगळं गणित कॉम्प्युटरवर आलं. त्यामुळे विमान आणि अवकाशाचं गणित येणारा माणूस आपोआप सॉफ्टवेअरच्या दारात उभा राहिला.

१९६१ मध्ये रॉयस एका कंपनीत रुजू झाले. पुढे ही कंपनी टीआरडब्ल्यू नावाने ओळखली गेली. क्षेपणास्त्रं आणि अवकाश कार्यक्रमांसाठी काम करणारी ही बडी कंपनी. अपोलोचं यान चंद्रावर उतरवणारं इंजिन याच कंपनीने बनवलं. रॉयस यांच्याकडे जबाबदारी होती ती सॉफ्टवेअरची. मोहिमेचं नियोजन करायचं, यानाला आज्ञा पाठवायच्या, उड्डाणानंतर आलेल्या माहितीचं विश्लेषण करायचं. या कामांसाठी लागणारे मोठमोठे प्रोग्रॅम वेळेत, ठरलेल्या खर्चात आणि चालणारे असे पोहोचवायचे.

एका चिन्हाची किंमत

हे काम किती जोखमीचं होतं, हे समजायला एक उदाहरण पुरेसं आहे. जुलै १९६२ मध्ये नासाने शुक्राकडे मरिनर १ हे यान सोडलं. उड्डाणानंतर पाच मिनिटांच्या आत ते अधिकाऱ्यांना स्वतःहून नष्ट करावं लागलं, कारण रॉकेट भरकटलं होतं. चौकशीत पुढे आलेल्या कारणांपैकी एक होतं मार्गदर्शनाच्या समीकरणातलं सुटलेलं एक छोटंसं चिन्ह. कागदावरून प्रोग्रॅममध्ये जाताना झालेली ही चूक होती.

आज ॲपमध्ये गडबड झाली तर दुसऱ्या दिवशी अपडेट येतं. तेव्हा तशी सोय नव्हती. प्रोग्रॅम पंचकार्डांवर लिहायचा, कार्डांचा गठ्ठा कॉम्प्युटर सेंटरला द्यायचा आणि आपला नंबर लागेपर्यंत थांबायचं. मशीनची मेमरी इतकी कमी की एकेक शब्द मोजून वापरायचा. शिवाय मशीनचा तासाचा खर्च माणसांच्या पगारापेक्षा जास्त. साहजिकच आधी सगळं कागदावर नीट ठरवा आणि मगच मशीनला हात लावा, ही सवय तिथे पक्की झाली होती.

टप्प्याटप्प्याने सॉफ्टवेअर बनवायची कल्पनाही रॉयस यांची नव्हतीच. अमेरिकेच्या हवाई संरक्षणाच्या सेज या यंत्रणेवर काम करणारे हर्बर्ट बेनिंग्टन यांनी १९५६ मध्येच असे टप्पे मांडले होते. दुसरीकडे नासाच्या मर्क्युरी प्रकल्पात काही टीम अगदी अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या छोट्या फेऱ्यांत काम करत होत्या आणि चाचणी आधी लिहीत होत्या. म्हणजे ज्याला आज अजाईल म्हणतात त्याच्या जवळ जाणारी पद्धत १९६० च्या दशकातही वापरात होती. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू होत्या.

पण एकूण चित्र काही बरं नव्हतं. प्रकल्प लांबत होते, बजेट फुटत होतं. १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोने एक परिषद भरवली आणि तिथे जगभरातल्या तज्ज्ञांनी या संकटावर उघड चर्चा केली. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा शब्द रूढ झाला तो याच परिषदेमुळे.

१९७० चा तो पेपर

दोन वर्षांनी, ऑगस्ट १९७० मध्ये, लॉस एंजेलिसला वेसकॉन नावाची इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रातली परिषद होती. तिथे ४१ वर्षांच्या रॉयस यांनी एक पेपर सादर केला. विषय होता मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांचं व्यवस्थापन. डझनभर पानंही नसलेला हा पेपर काही संशोधन प्रयोगावर आधारित नव्हता. नऊ वर्षं अवकाश मोहिमांची सॉफ्टवेअर बनवताना काय चुकलं आणि काय जमलं, याचा तो एका मॅनेजरचा अनुभव होता.

सुरुवात त्यांनी अगदी साध्या गोष्टीपासून केली. प्रोग्रॅम छोटा असेल आणि तो बनवणारेच वापरणार असतील, तर दोनच पायऱ्या पुरतात. आधी विचार करा, मग कोड लिहा. त्यापेक्षा जास्त काही करायची गरज नाही.

मोठ्या कामाला मात्र हे पुरत नाही. तिथे त्यांनी सात पायऱ्या दाखवल्या. संपूर्ण यंत्रणेच्या गरजा, सॉफ्टवेअरच्या गरजा, विश्लेषण, प्रोग्रॅमची रचना, कोडिंग, चाचणी आणि शेवटी प्रत्यक्ष वापर. एकाखाली एक उतरत जाणारे सात चौकोन. परीक्षेत काढतात ती आकृती हीच.

आणि लगेच पुढे त्यांनी या आकृतीची गडबड सांगितली. चाचणी येते जवळपास शेवटी. प्रोग्रॅमला किती वेळ लागतो, मेमरी किती खातो, माहितीची ये-जा नीट होते का, हे सगळं तिथे पहिल्यांदा प्रत्यक्ष कळतं. तोपर्यंत सगळा मामला अंदाजाचा असतो. अंदाज चुकला तर छोटी दुरुस्ती करून भागत नाही. रचनाच बदलावी लागते. कधीकधी तर मूळ गरजाच बदलाव्या लागतात. म्हणजे खालून थेट वर उडी. रॉयस यांच्या हिशोबाने अशा वेळी वेळ आणि खर्च शंभर टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, म्हणजे दुप्पट होऊ शकतो.

त्यांनी त्याचीही आकृती काढली होती. एका आकृतीत प्रत्येक पायरीवरून फक्त मागच्या पायरीवर जाणारे बाण आहेत. ही झाली आशा. त्याच्या पुढच्या आकृतीत चाचणीवरून रचनेवर आणि रचनेवरून गरजांवर जाणारे लांब बाण आहेत. हे वास्तव. लोकांनी मात्र उचलली त्याआधीची, सरळ उतरणारी आकृती.

मग उपाय काय? रॉयस यांनी सांगितलेल्या पाच गोष्टी

पेपरचा मोठा भाग या उपायांचाच आहे. रॉयस यांनी ती पायऱ्यांची कल्पना फेकून दिली नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. मूळ कल्पनेवर त्यांचा विश्वास होता. पण तिच्यातली जोखीम कमी करायची तर पाच गोष्टी जोडाव्या लागतील, असं त्यांचं मत होतं.

पहिली गोष्ट, विश्लेषणात बुडून जाण्याआधी प्रोग्रॅमची ढोबळ रचना करून घ्या. मेमरी आणि वेळ पुरणार की नाही, याचा अंदाज सुरुवातीलाच यायला हवा. रचना चुकीची निघाली तरी चालेल, पण मर्यादा लवकर कळतील.

दुसरी, लिहून ठेवा. भरपूर लिहून ठेवा. इथे रॉयस आजच्या अजाईलवाल्यांना अजिबात पटणार नाहीत. त्यांचा हिशोब असा होता की ५० लाख डॉलरचं हार्डवेअर घ्यायचं असेल तर ३० पानांत वर्णन पुरतं, पण तेवढ्याच किमतीच्या सॉफ्टवेअरसाठी १,५०० पानं लागतील. कारणही त्यांनी दिलं होतं. तोंडी विचारलं की प्रोग्रॅमर महिनोन्महिने ९० टक्के काम झालंय असंच सांगत राहतो. कागदावर उतरलं की लपायला जागा राहत नाही. हे वाक्य ५० वर्षांपूर्वीचं असलं, तरी कुठल्याही टीम लीडला आजचं वाटेल.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. काम दोनदा करा. जे सॉफ्टवेअर पहिल्यांदाच बनतंय, ते ग्राहकाच्या हातात द्यायच्या आधी त्याची एक छोटी आवृत्ती बनवून बघा. पूर्ण काम ३० महिन्यांचं असेल, तर त्यातले १० महिने अशा नमुन्यासाठी ठेवायला हरकत नाही, असं त्यांनी आकड्यात सांगितलं. अडचणी कुठे येणार हे अंदाजाने सांगण्यापेक्षा प्रत्यक्ष करून बघितलेलं बरं.

चौथी, चाचणीचं नीट नियोजन करा. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्यानेच तपासू नये, दुसऱ्या माणसाने तपासावा. कोड नुसता वाचून काढला तरी बऱ्याच चुका सापडतात. आणि प्रोग्रॅममधली प्रत्येक वाट एकदा तरी चालवून बघितली पाहिजे.

पाचवी, ग्राहकाला मध्ये-मध्ये सामील करून घ्या. काय हवंय हे एकदा बोलून झालं, आता थेट शेवटी भेटू, असं चालणार नाही. ठरावीक टप्प्यांवर त्याच्यासमोर काम ठेवा आणि त्याची मान्यता घ्या.

म्हणजे आधी नमुना, चाचणीला महत्त्व आणि ग्राहकाचा सहभाग. आज अजाईलच्या ट्रेनिंगमध्ये सांगतात त्यातलं बरंचसं या पेपरात होतं. पण म्हणून रॉयस यांना अजाईलचा छुपा जनक म्हणणंही जास्तीचं होईल. दर दोन आठवड्यांनी चालणारं सॉफ्टवेअर द्या, असं त्यांनी कुठेही म्हटलं नव्हतं. त्यांचा भर नियोजनावर आणि कागदपत्रांवर होताच. ते मधल्या वाटेवर उभे होते.

मग धबधबा आला कुठून?

गंमत अशी की त्या पूर्ण पेपरात वॉटरफॉल हा शब्द एकदाही नाही. तो आला सहा वर्षांनी. १९७६ मध्ये टीआरडब्ल्यूच्याच बेल आणि थेयर या दोघांनी सॉफ्टवेअरच्या गरजांवर एक पेपर लिहिला. त्यात त्यांनी रॉयस यांचा उल्लेख करत या पायऱ्यांसाठी हा शब्द वापरला. शब्द चपखल होता. धबधब्याचं पाणी वर जात नाही. अडचण एवढीच की रॉयस यांच्या आकृतीत पाणी वर जात होतं.

पण ही सरळ आकृती लोकांना इतकी का आवडली? कारण ती मॅनेजरच्या आणि कंत्राट देणाऱ्याच्या सोयीची होती. गरजा लिहून झाल्या, सही करा. रचना झाली, सही करा, हप्ता द्या. किती काम झालं हे तक्त्यावर दाखवता येतं. हेच काम फिरून-फिरून करावं लागेल असं सांगितलं, तर पहिला प्रश्न येतो की मग पैसे किती आणि तारीख कुठली? त्याचं उत्तर देणं अवघड. सरळ आकृती निदान उत्तर असल्याचा आधार देते.

या आकृतीवर सगळ्यात मोठा शिक्का बसला १९८५ मध्ये. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सॉफ्टवेअर खरेदीसाठी डीओडी-एसटीडी-२१६७ नावाचं मानक काढलं. एकामागोमाग एक टप्पे, प्रत्येक टप्प्याला कागदपत्रं आणि औपचारिक तपासणी. जगातला सगळ्यात मोठा ग्राहकच असं म्हणाल्यावर कंपन्यांनी तसंच करायला सुरुवात केली. इतर देशांच्या लष्करी आणि सरकारी मानकांवरही त्याचा परिणाम झाला.

दोनच वर्षांत अमेरिकेतून विरोधाचा सूर आला. १९८७ मध्ये फ्रेड ब्रुक्स यांच्या अध्यक्षतेखालच्या संरक्षण विज्ञान मंडळाच्या गटाने ही सरळसोट पद्धत बदला आणि नमुने बनवत, थोडं-थोडं वाढवत काम करू द्या, अशी शिफारस केली. हे ब्रुक्स म्हणजे आयबीएमच्या ओएस ३६० वर काम केलेले आणि १९७५ मध्ये द मिथिकल मॅन-मंथ हे पुस्तक लिहिलेले. पहिली आवृत्ती टाकून द्यायचीच आहे हे धरून चला, असा सल्ला त्यांनीही दिला होता. रॉयस यांच्या तिसऱ्या उपायाशी तो जुळतो.

रॉयस यांच्याच कंपनीतून आलेला पर्याय

दुसरा मोठा पर्याय टीआरडब्ल्यूमधूनच आला. तिथल्या बॅरी बोहेम यांनी १९८६ मध्ये स्पायरल मॉडेल मांडलं आणि १९८८ च्या त्यांच्या लेखामुळे ते गाजलं. कल्पना अशी की प्रत्येक फेरीत आधी विचारायचं, या घडीला सगळ्यात मोठी जोखीम कुठली आहे? ती कमी करेल तेवढं काम करायचं, मग पुढची फेरी. गरजा नीट कळल्या नसतील तर नमुना बनवा. वेगाची भीती असेल तर वेग मोजून बघा. रॉयस यांनी जोखमीची जी चिंता १९७० मध्ये मांडली होती, तिलाच बोहेम यांनी पद्धतीच्या मध्यभागी आणून बसवलं.

१९८७ मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत रॉयस यांचा पेपर पुन्हा छापला गेला. मूळ पेपर वाचायची संधी त्यामुळे नव्या पिढीला मिळाली. पण तोवर धबधब्याची आकृती मूळ पेपरापेक्षा कितीतरी जास्त लोकांपर्यंत गेली होती.

रॉयस तोपर्यंत लॉकहीडमध्ये गेले होते. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात लॉकहीडचं सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी सेंटर होतं, त्याचे ते संचालक होते. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या एरोनॉटिक्स आणि ॲस्ट्रोनॉटिक्स संस्थेने त्यांना इन्फर्मेशन सिस्टिम्स पुरस्कार दिला. १९९४ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस संरक्षण खात्याने जुन्या मानकाच्या जागी एमआयएल-एसटीडी-४९८ आणलं. त्यात टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याच्या पद्धतींना स्पष्ट जागा होती.

७ जून १९९५ ला रॉयस यांचं निधन झालं. वय होतं ६५.

त्यानंतर चार महिन्यांनी, ऑक्टोबर १९९५ मध्ये, त्याच ऑस्टिन शहरात ऊप्सला ही परिषद भरली. तिथे केन श्वाबर यांनी स्क्रमवरचा पेपर मांडला. जेफ सदरलँड आणि ते या पद्धतीवर काम करत होते. आज हिंजवडी असो की खराडी, सकाळी कॅलेंडरवर जे स्टँडअपचं आमंत्रण येतं, त्याचं मूळ इथे आहे. पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला. नव्या पद्धतीला एक खलनायक हवा असतो. तो वॉटरफॉलच्या रूपात तयारच होता.

रॉयस यांचा इशारा न ऐकल्यावर काय होतं?

याचं एक चांगलं उदाहरण अमेरिकेच्या एफबीआयचं आहे. तपासाच्या फायली कॉम्प्युटरवर आणण्यासाठी २००१ मध्ये त्यांनी व्हर्च्युअल केस फाइल नावाचं काम सुरू केलं. गरजांचं दस्तऐवज ८०० पानांच्या वर गेलं. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर गरजा बदलत राहिल्या. नवी यंत्रणा एका झटक्यात सुरू करायची आणि जुनी बंद करायची, असा बेत होता. मध्ये वापरून बघायला काहीच नव्हतं. २००५ मध्ये हे काम गुंडाळावं लागलं. तोवर १७ कोटी डॉलर खर्च झाले होते.

मग २००६ मध्ये सेंटिनेल नावाने दुसरा प्रयत्न सुरू झाला. कंत्राट मिळालं लॉकहीड मार्टिनला. तोही रखडला. २०१० मध्ये एफबीआयने काम आपल्या हातात घेतलं, टीम लहान केली आणि दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये अजाईल पद्धतीने काम सुरू केलं. जुलै २०१२ मध्ये सेंटिनेल सुरू झालं.

यावरून अजाईल जिंकलं आणि वॉटरफॉल हरलं असं म्हणणं सोपं आहे. पण नीट बघितलं तर दुसऱ्या वेळी टीमला आधीच्या अपयशातून बरंच कळलेलं होतं. काम दोनदा करा हा रॉयस यांचा सल्ला एफबीआयने पाळला, पण तो न ठरवता आणि फार महागात.

मग कुठली पद्धत कधी निवडायची?

रॉयस यांच्या पेपरातून आणि त्यानंतरच्या अनुभवातून काही साधे प्रश्न निघतात. काम सुरू करण्याआधी ते विचारले तर निवड बरीच सोपी होते.

पहिला, काम किती मोठं आहे? दोघा-तिघांचं आणि स्वतःच्याच वापराचं असेल तर रॉयस यांच्या दोन पायऱ्या पुरेत. तिथे स्क्रमच्या सगळ्या मीटिंग लावणं म्हणजे चहा करायला आचारी बोलावण्यासारखं आहे.

दुसरा, काय हवंय हे आधीपासून माहीत आहे का? कायद्याने ठरलेली कर आकारणी, आधी तीनदा बनवलेली यंत्रणा, जुन्या मशीनवरून नव्यावर जसंच्या तसं न्यायचं सॉफ्टवेअर, अशा कामात टप्प्याटप्प्याची पद्धत चालून जाते. ग्राहकालाच बघितल्याशिवाय सांगता येत नसेल, जसं नव्या ॲपचं होतं, तर छोट्या फेऱ्यांना पर्याय नाही.

तिसरा, चूक झाली तर काय होईल? वेबसाइटवरचं बटण चुकलं तर उद्या बदलता येतं. पेसमेकर, विमान किंवा रेल्वे सिग्नलच्या सॉफ्टवेअरला ती मुभा नाही. तिथे लिखित गरजा, स्वतंत्र तपासणी आणि प्रत्येक बदलाची नोंद लागतेच. अशा ठिकाणी प्रत्येक टप्प्यासमोर त्याची चाचणी ठेवणारं व्ही-मॉडेल वापरतात. अलीकडे त्याच्या आत छोट्या फेऱ्याही बसवल्या जातात.

चौथा, सगळ्यात मोठी जोखीम कुठे आहे? एखादी तांत्रिक गोष्ट जमेल की नाही हेच माहीत नसेल, तर आधी तेवढाच भाग बनवून बघा. बोहेम यांची स्पायरल आणि रॉयस यांचा १० महिन्यांचा नमुना, दोन्ही हेच सांगतात.

पाचवा, ग्राहक वेळ देणार आहे का? दर दोन आठवड्यांनी डेमो ठेवला आणि बघायला कुणी आलंच नाही, तर ते स्प्रिंट फक्त नावाला. आणि कंत्राट ठरावीक कामाचं, ठरावीक किमतीचं असेल, तर बदल कसे घ्यायचे आणि त्याचे पैसे कोण देणार, हे आधीच लिहून घ्यावं लागतं. नाहीतर नाव अजाईलचं आणि हिशोब वॉटरफॉलचा, अशी टीमची फरफट होते. तारीख आणि यादी दोन्ही पक्की, वर रोज स्टँडअप. हा अनुभव बऱ्याच जणांना ओळखीचा वाटेल.

मुलाने सांगितलेली बाजू

विन्स्टन रॉयस यांचे चिरंजीव वॉकर रॉयस हेही याच क्षेत्रातले. त्यांनीही टीआरडब्ल्यूमध्ये काम केलं आणि नंतर रॅशनल सॉफ्टवेअर या कंपनीत गेले. फेऱ्या-फेऱ्यांनी काम करायच्या पद्धतींचे ते मोठे पुरस्कर्ते झाले. सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या व्यवस्थापनावर १९९८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी वडिलांचा १९७० चा पेपर घेऊन त्यातले पाच उपाय एकेक करून तपासले. कुठले आजही लागू आहेत, कुठले बदलायला हवेत, हे सांगितलं.

२००३ मध्ये क्रेग लार्मन आणि व्हिक्टर बॅसिली यांनी अशा पद्धतींचा इतिहास लिहिला, तेव्हा रॉयस यांच्याबद्दलचा हा गैरसमज बऱ्याच लोकांसमोर आला. वडील नेहमीच थोडं-थोडं, फिरून-फिरून काम करण्याच्या बाजूचे होते, ही वॉकर यांची साक्षही त्यात आहे. ज्या मानकाने ही सरळ आकृती पक्की केली, ते बनवण्यात मुख्य सहभाग असलेल्या एकाने नंतर त्याबद्दल खंत व्यक्त केल्याचंही त्यात नोंदवलेलं आहे.

तो १९७० चा पेपर आजही इंटरनेटवर सहज मिळतो आणि वाचायला अर्धा तासही लागत नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या परीक्षेला बसणार असाल किंवा पुढच्या प्रोजेक्टची पद्धत ठरवायच्या मीटिंगला, तर आधी तो वाचून घ्या. फक्त सरळ उतरणारी आकृती आली की थांबू नका. रॉयस यांना जे सांगायचं होतं, ते त्याच्या पुढे सुरू होतं.